मावशीची पाणथळ आणि आईचं घर

माझी मावशी आमच्याकडे भांडी घासायला बसली की हमखास वाद व्हायचा. ती नळ सोडायची आणि नुसती बघत राहायची. पाणी कुठून वळतंय, कुठे अडतंय, खरकटं कुठल्या कोपऱ्यात गोळा होतंय. आई आतून ओरडायची, "अगं, भांडी घास आधी! सिनेमा नंतर बघ!"

"ताई, तुझ्या मोरीचा उतार चुकलाय."

"मोरी माझी, उतार माझा. तू फक्त घास."

दोघी सख्ख्या बहिणी. आई थोरली, शिवणकाम करणारी. शाळेचे गणवेश, पडदे, कोटाची अस्तरं, जे येईल ते. मावशी धाकटी, गणित शिकलेली, जलविभागात नोकरीला. रोज फोनवर एकदा तरी भांडल्याशिवाय दोघींनाही घास गोड लागत नसे. मावशीने लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं की "राहून गेलं" एवढंच म्हणायची, बसमध्ये छत्री राहून जावी तसं. दोन खोल्यांच्या घरात ती एकटी राहायची, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे. बाबा तिला 'मेहुणीबाई' म्हणायचे आणि आल्या आल्या तिच्या सायकलची चेन तपासायचे. सायकलदुरुस्ती हा त्यांचा धंदाच होता. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान.

घर ओढ्याकाठी होतं, शहराच्या उतारावर. त्या भागाला सगळे 'खालची वस्ती' म्हणत. शहराचं सांडपाणी ओढ्यानेच खाली तलावात जायचं, त्यामुळे मी लहान असताना आमच्याकडे खिडक्या ओढ्याच्या बाजूने उघडत नसत. पुढे जलविभागाने वस्तीच्या वरच्या अंगाला पाणथळ बांधली. बांधली म्हणजे काय, तर रुंद, उथळ वाफे खणले, त्यात खडी भरली आणि खडीत बोरू आणि पाणकणीस लावलं. घाण पाणी आधी गाळाच्या टाकीत थांबतं, मग या वाफ्यांमधून झिरपत झिरपत पुढे सरकतं. खडीच्या अंगाला, मुळांच्या जाळीत जिवाणू राहतात, आणि घाण खरी तेच खातात. पाण्याने फक्त घाई करायची नाही. एवढं साधलं तर ना मोठी यंत्रं लागतात, ना रसायनं. आमच्या खिडक्या उघडल्या. आईने शिलाई मशीन ओढ्याकडच्या खिडकीशी नेलं, उजेड चांगला म्हणून.

मावशीचं काम या पाणथळीशी जोडलेलं होतं. खरं पाणी सोडण्याआधी कॉम्प्युटरवर खोटं पाणी सोडून बघायचं, हे ते काम. वाफा केवढा, खडी किती जाड, पाणी किती वेगाने येतं, हवा किती थंड, हे सगळं ती आत घालायची, आणि पलीकडून पाणी किती स्वच्छ निघेल ते कॉम्प्युटर सांगायचा. त्याला ती 'मॉडेल' म्हणायची. मग खरोखरच्या पाण्याच्या बाटल्या यायच्या, त्यांची तपासणी व्हायची, आणि खोट्या पाण्याचं खऱ्याशी किती जुळतंय ते ती ताडून बघायची.

बाटल्या आणणारा एक वयस्कर माणूस होता. सगळे त्याला बाटलीकाका म्हणत. बिचाऱ्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, पण नवीन माणसाला हे पटवून देता देता त्याची नोकरी सरत आली होती.

शहर वाढलं. पाणथळ होती तेवढीच राहिली. मी कॉलेजात होते त्या सुमारास थंडीच्या दिवसांत पुन्हा वास यायला लागला. तलावात मासे उलटे तरंगलेले दिसले. बाहेरच्या एका सल्लागाराने येऊन हिशेब मांडला की पाणथळ दुप्पट केली पाहिजे, आणि दुप्पट करायची तर खालची वस्ती अख्खी उठवली पाहिजे. हे बोलणं वस्तीपर्यंत आलं तेव्हा बाबांनी आईला सांगितलं, "मेहुणीबाई आहेत ना तिथे. बघतील त्या."

मावशी बघतच होती. मोठ्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं की सल्लागाराच्या हिशेबाला मॉडेलचा आधार जोडून द्या. साहेब माणूस वाईट नव्हता, घाईत होता. मावशीने मॉडेल चालवलं आणि पंचाईत झाली. मॉडेल म्हणत होतं की पाणी आहे त्या वाफ्यांमध्येच बऱ्यापैकी स्वच्छ व्हायला हवं. बाटल्या म्हणत होत्या, होत नाही.

"मग सोपं आहे," साहेब म्हणाले. "सफाईचा वेग तुम्ही जास्त धरलाय. तो कमी करा, जुळेल."

"जुळेल, साहेब. पण चुकीच्या कारणाने जुळेल."

"जुळण्याशी मतलब."

"आज जुळेल आणि उद्या आपण दुप्पट वाफे बांधू, वस्ती उठवू, आणि दुप्पट वाफ्यांतूनही घाणच निघेल. मग काय करायचं? मला एकदा रंग सोडून बघू द्या."

साहेबांनी मान हलवली. होकाराची की कंटाळ्याची, ते मावशीला कळलं नाही. तिने होकाराची धरली.

रंग सोडणं म्हणजे पाण्याचा पाठलाग. माशांना, झाडांना न बाधणारा तांबडा रंग वाफ्याच्या तोंडाशी ओतायचा आणि तो पलीकडे कधी पोचतो ते बघायचं. पाणी सगळ्या वाफ्यातून संथ पसरत गेलं तर रंगाला चार-पाच दिवस लागायला हवेत. मावशी आणि बाटलीकाका पहाटे गेले, रंग ओतला, आणि दुसऱ्या दिवशीच्या बाटल्या नेमून घरी आले. सगळी तयारी चोख होती. फक्त एक गोष्ट राहिली: वस्तीला सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन गेला. मी शेजारीच होते. आई एरवी घाबरणारी बाई नव्हे, पण तेव्हा तिचा आवाज चिरकला होता.

"अगं, ओढ्यात रक्त वाहतंय! इथे सगळे काठाला जमलेत. पोलिसांना बोलवायचं म्हणतायत!"

पलीकडून मावशीने विचारलं, "कधीपासून?"

"कधीपासून काय विचारतेस? माणूस मेलाय की काय बघ!"

"ताई, कुणी मेलेलं नाही, तो माझा रंग आहे. कधीपासून येतोय ते सांग, फार महत्त्वाचं आहे!"

आईने फोन माझ्या हातात दिला. "तूच बोल तुझ्या मावशीशी. डोक्यावर परिणाम झालाय."

अर्ध्या तासात मावशी सायकल हाणत आली. काठावरच्या लोकांची बोलणी खाल्ली, सगळ्यांची माफी मागितली, आणि माफी मागतानाही तिची नजर पाण्यावरच होती. पाच दिवसांनी यायचा तो रंग दुसऱ्या दिवशी आला होता. तिने मला हाताला धरून पाणथळीच्या बांधावर नेलं आणि दाखवलं. रंगाचा एक पट्टा वाफ्याच्या एका कडेने सरळ निघून गेला होता. उरलेला वाफा, मधली दाट पाणकणसं, पलीकडचा कोपरा, सगळं जसंच्या तसं.

"बघ," ती म्हणाली. "पाणी जवळच्या वाटेने पळतंय. अर्धा वाफा नुसता बसून आहे. आणि आपण म्हणतोय, जागा पुरत नाही."

जुन्या मॉडेलमध्ये वाफा म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या टाक्या होत्या, आणि प्रत्येक टाकीत पाणी छान मिसळतं असं धरलेलं. खऱ्या वाफ्यात तसं होत नव्हतं. पाणी येणारा पाइप कोपऱ्यात होता, त्या कडेची खडी कधीतरी धुपली होती, आणि मध्ये मुळांनी आणि गाळाने दाटी केली होती. मावशीने नवं मॉडेल मांडायला घेतलं. या वेळी वाफ्याचे शेकडो छोटे चौकोन केले, प्रत्येकाची खडी वेगळी, गाळ वेगळा, आणि पाणी एका चौकोनातून शेजारच्यात कसं जातं ते एकेक करून बसवलं. कॉम्प्युटर जुना होता. एकदा चालवायला बसवलं की उत्तर यायला अर्धा दिवस जायचा. तोवर ती जेवायची, झाडांना पाणी घालायची, आईशी फोनवर भांडायची.

हळूहळू आकार दिसायला लागला. पाइपला रुंदीभर भोकं पाडून पाणी सगळीकडून सोडलं, मध्ये आडभिंती घालून त्याला नागमोडी फिरवलं, धुपलेली खडी बदलली, की तोच वाफा जवळजवळ दुप्पट काम करत होता. वस्ती उठवायची गरज नव्हती. मावशीने ही बातमी आम्हाला सांगितली नाही. बाबा विचारायचे, "काय मेहुणीबाई, आमचं काय ठरतंय?" आणि ती म्हणायची, "थांबा भाऊजी, थंडी राहिलीय."

थंडी म्हणजे मॉडेलमधली थंडी. गारठ्यात जिवाणू मंदावतात, सांडपाण्यातला अमोनिया खायचा कंटाळा करतात, आणि मासे मरतात ते त्या अमोनियानेच. मावशीने थंडीचे महिने चालवून बघितले आणि उत्तर आलं ते नकोसं होतं. आडभिंती घालूनही थंडीत थोडं कमी पडत होतं. आणखी एक लांबट, अरुंद वाफा हवा होता. सगळी वस्ती नव्हे, एक पट्टी. तिने तो वाफा वरच्या बाजूला ठेवून बघितला. तिथे पाणी चढेना, पंप लागेल, पंप बंद पडला की सगळंच बंद. पलीकडच्या काठाला ठेवून बघितला; तिथे खाली कातळ. रस्त्याकडे ठेवला, तिरका ठेवला, दोन तुकडे केले. कुठूनही फिरून वाफा ओढ्याकाठच्याच पट्टीवर येऊन बसायचा. त्या पट्टीवर सहा घरं होती. दुसरं आमचं.

पुढच्या काही आठवड्यांबद्दल मावशी मला पुष्कळ वर्षांनी बोलली. ती म्हणाली, "सगळं एका आकड्यावर होतं गं. थंडीत जिवाणू किती वेगाने खातात, तो आकडा. वेगवेगळ्या अभ्यासांत तो वेगवेगळा सापडतो. मी जरासा वरचा धरला असता तर पट्टी लागलीच नसती, आणि कुणी माझ्यावर बोट ठेवलं नसतं. पुस्तकात आहे, म्हटलं असतं."

"मग धरला का नाहीस?"

"धरला होता. दोन दिवस तसाच ठेवला. झोप बरी लागली. मग बाटलीकाका थंडीतल्या बाटल्या घेऊन आले." तिने हात उडवले. "बाटल्यांमध्ये पुस्तकातला आकडा नव्हता. आपल्या पाण्यातला होता."

तिने खरा आकडा परत घातला. साहेबांकडे जाऊन सांगितलं की या पट्टीत माझ्या बहिणीचं घर आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. साहेबांनी दुसऱ्या शहरातल्या एका अभियंत्याकडे ते पाठवलं. मावशी मनातल्या मनात आशा करत होती की तो तिची चूक काढेल. त्याने कौतुक करून परत पाठवलं.

मग ती आमच्याकडे आली. नोटीस निघायच्या आधी आपल्या तोंडून सांगायचं, म्हणून. सकाळची वेळ होती, आई मशीनवर गणवेशाच्या बाह्या जोडत होती, बाबांनी पुढच्या खोलीत कुणाची तरी सायकल उलटी टाकली होती. मावशी दारातच उभी राहिली. चप्पलही काढली नाही.

"वस्ती वाचली," ती म्हणाली.

बाबा पुढच्या खोलीतून "काय सांगता!" म्हणत हात पुसत आले. आईने पाय थांबवला, पण मान वर केली नाही. बहिणीचा आवाज तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचा.

"आणि?" आई म्हणाली.

"एक पट्टी लागणार आहे. काठाची. सहा घरं."

मशीनच्या खिडकीतून ओढा दिसत होता. आईने ओढ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"म्हणजे अख्ख्या वस्तीची घरं वाचवलीस, आणि माझं तेवढं सापडलं तुला?"

"मी शोधलं नाही गं ताई. सगळीकडे ठेवून बघितलं. पाणी तिकडेच जातं."

"मग पाण्याला सांग की, माझी बहीण राहते तिथे!"

"ताई..."

"तुला मोरीचा उतार कळतो, गटाराचा उतार कळतो. माणसाचं काय कळतं तुला? ही खिडकी मी पाडून घेतलीय. ही फरशी आम्ही दोघांनी बसवलीय. गुडघे फुटेपर्यंत. यांचं दुकान, माझी गिऱ्हाइकं, सगळं इथे. तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये हे घातलंस का कुठे?"

मावशी खाली बघत म्हणाली, "ते घालता येत नाही."

"नाही ना? मग जा."

मावशी गेली. बाबा तिच्या मागे थोडे चालले, तिच्या सायकलची हवा बघितली आणि परत आले. त्या दिवसापासून आईने मावशीशी बोलणं टाकलं.

वस्तीची सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. साहेबांनी प्रस्तावना केली आणि मावशीला पुढे ढकललं. तिला भाषण करता येत नसे. ती भिंतीवर पडलेल्या चित्राकडे तोंड करून बोलायची, आणि लोकांना तिची वेणी दिसायची. तरी सगळं समजेल असं बोलली. ज्यांची घरं राहणार होती त्यांना आनंद झाला होता, पण तो दाखवायचा कसा, हे कुणाला कळेना, कारण पट्टीतली सहा कुटुंबं तिथेच बसलेली. कोपऱ्यावरचा दूधवाला उठला. आवाज चढवून म्हणाला, "बाई, तुमचं काय जातंय? तुम्ही वरच्या अंगाला राहता!"

माझ्या शेजारी आई बसली होती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. ती उठली आणि दूधवाल्याला म्हणाली, "तिचं काय जातंय ते आम्ही बघू. तू तुझं विचार." आणि खाली बसली. मावशीने वळून बघितलं, पण आईने तोवर तोंड फिरवलं होतं.

पट्टीतल्या कुटुंबांना वरच्या भागात नवी घरं मिळणार होती. ती वेळेवर झाली नाहीत, कधी होतात? बाकीचे नातेवाइकांकडे पांगले. आम्हाला नातेवाईक म्हणजे मावशी. बाबांनी आईला विचारलं, "मग काय करायचं?" आई म्हणाली, "करायचं काय त्यात. तिच्यामुळे गेलं, तीच ठेवेल." आणि आम्ही तीन माणसं, एक शिलाई मशीन आणि बाबांचं अर्धं दुकान घेऊन मावशीच्या दोन खोल्यांत शिरलो.

ते दिवस आठवले की मला अजून हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. आई मावशीशी बोलत नव्हती, आणि घर एवढंसं की न बोलता इकडचं तिकडे जाणं मुश्कील. त्यामुळे सगळं माझ्यामार्फत. "तुझ्या मावशीला सांग, चहा निवतोय." मावशी दोन हातांवर बसलेली. "आईला सांग, घेते." "मावशीला विचार, तिचा टॉवेल दाराला लटकवायलाच हवा का." "आईला सांग, टॉवेल तिचाच आहे." बाबांनी जिन्याच्या वळणावर दुरुस्ती सुरू केली. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर तक्रार करायला आले, आणि स्वतःची गंजलेली सायकल देऊन गेले. मग तेही रोज येऊन बसायला लागले, कारण त्यांच्या घरीही कुणीतरी त्यांच्याशी बोलत नव्हतं.

आईचं मशीन मावशीच्या टेबलाशेजारी बसलं. दुसरी जागाच नव्हती. दिवसभर एकीचं मशीन घरघरायचं आणि सुट्टीच्या दिवशी दुसरीचा कॉम्प्युटर घुमायचा. आडभिंतींचं बांधकाम सुरू झालं होतं, आणि मावशी प्रत्यक्ष मापं आली की मॉडेल पुन्हा पुन्हा चालवून बघायची.

अशाच एका दुपारी आई बटणं लावत होती. पडद्यावर चौकोन रंगत होते; घाण पाणी गडद तपकिरी, स्वच्छ होत जाईल तसं फिकट, मग पांढरं. आई दोऱ्याची गाठ मारता मारता बघत होती. मी माझी सवय म्हणून निरोप न्यायला तयार बसले होते. पण आई सरळ म्हणाली, "यात माझं घर कुठाय?"

मावशीची बोटं थांबली. मला वाटलं ती माझ्याकडे बघून 'आईला सांग' म्हणेल. तिने बोट पडद्यावर टेकवलं. "हे. हे चार चौकोन."

"एवढंच?"

"हो."

आईने चष्मा लावला, जवळ सरकली. "मशीन कुठे होतं?"

"या चौकोनात. अर्ध्याच्या वर."

"आणि दूधवाला?"

"तो इथे. तो राहतोय."

आई म्हणाली, "माझं घर तिथेच ठेव. आणि चालव."

"म्हणजे?"

"तुझा तो वाफा काढ. आम्ही तिथे राहतोय असं धर. आणि थंडी घाल. बघू काय होतं."

मावशीने काहीही समजावलं नाही. तिने पट्टी काढली, चौकोन परत जमिनीचे केले, थंडी घातली. या वेळपर्यंत तिला नवं यंत्र मिळालं होतं, तरी उत्तराला चहा होईपर्यंत वेळ लागला. चहा आईनेच केला. मग आम्ही तिघी पडद्यासमोर बसलो. तपकिरी रंग वाफ्यांमधून आला, आडभिंतींना वळसे घालत फिकट झाला, पण पांढरा झाला नाही. तसाच फिकट तपकिरी ओढ्यात उतरला. आमच्या चार चौकोनांना लागून गेला, शेजाऱ्यांना लागून गेला, दूधवाल्याच्या, शाळेच्या, नव्या बाळंतिणीच्या घराला लागून गेला, आणि खाली तलावात साचत राहिला. महिन्यामागून महिना.

"बंद कर," आई म्हणाली.

मावशीने बंद केलं.

"हे मला तेव्हा का नाही दाखवलंस?"

"तेव्हा दाखवलं असतं तर ऐकलं असतंस?"

आईने खरंच विचार केला. "नसतं ऐकलं," ती म्हणाली. "पण दाखवायला हवं होतंस. नुसती दारात उभी राहून सांगितलंस, टपाल द्यावं तसं. आत येऊन बसायचं होतंस. भांडायला तरी माणूस समोर लागतं."

मावशी रडली. मी तिला आधी कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि आईनेही बहुतेक फार वर्षांत नसावं, कारण ती गोंधळून तिच्या पाठीवर हातातल्या गणवेशासकट थोपटत राहिली. गणवेशाला टाचण्या होत्या. मावशी "अगं टोचतंय" म्हणाली, आणि तिथून दोघींचं बोलणं सुरू झालं, म्हणजे भांडण.

पाणथळीचं काम पुरं झालं. पहिल्या थंडीत सगळ्यांनी बाटल्यांकडे डोळे लावले. निकाल आधीपेक्षा बरा होता, पण मॉडेलने सांगितला होता तेवढा नव्हता. नव्या वाफ्यातली झाडं अजून रुजली नव्हती, मुळं खोल गेली नव्हती. मावशी हे जाणून होती, साहेबांना तिने आधीच सांगितलंही होतं, तरी ती आजाऱ्यासारखी झाली. "सहा घरं पाडली आणि एवढंच?" असं स्वतःशीच म्हणायची. दूधवाल्याने तेच तिला तोंडावर म्हटलं. तिने ऐकून घेतलं. पुढच्या थंडीत अमोनियाचा आकडा खाली आला, त्याच्या पुढच्या थंडीत आणखी. बाटलीकाकांनी निवृत्तीच्या आधीची शेवटची बाटली उजेडात धरून आम्हा सगळ्यांना दाखवली. नुसत्या डोळ्यांनी त्यातलं काही दिसत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी दाखवली.

आमचं नवं घर चांगलं आहे. कोरडं, हवेशीर. पण आईची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. चढ चढून बाही कमी करायला कोण येतं? तिने पुन्हा जम बसवला खरा, पण पहिल्यासारखा नाही. बाबांचं मात्र उलटं झालं. चढावर राहिल्याने सगळ्यांच्या सायकली इथेच बिघडायला लागल्या. आई अजूनही कधी कधी रागाच्या भरात "माझं घर पाण्यात घातलं हिने" म्हणते, आणि ते शब्दशः खरं असल्यामुळे कुणाला काही बोलता येत नाही.

मावशीला पुढे दुसऱ्या शहरांतून बोलावणी यायला लागली. निवृत्त झाल्यावरही. तिने एक नियम केला: कागदावर रेघ ओढायच्या आधी त्या वस्तीत जायचं, घरात बसायचं. पण लोकांच्या घरी जाऊन बसणं तिला काही केल्या जमेना. ती जायची, अवघडून खुर्चीच्या टोकाला बसायची आणि पाचव्या मिनिटाला त्यांच्या मोरीच्या उताराबद्दल बोलायची. शेवटी आई म्हणाली, "राहू दे. मी येते."

तेव्हापासून दोघी जोडीने जातात. मावशी बांधावर फिरते, खडी हातात घेऊन बघते, आणि आई घराघरांत बसते. कुणाचा फाटलेला पडदा दिसला तर सुई मागून घेते. मागच्या वेळी मीही गेले होते. एक म्हातारी ओढ्याकाठच्या घरात एकटीच राहत होती. तिने आईला आत घेतलं, चहा ठेवला, आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "तुमचंही गेलं होतं म्हणे घर?"

"गेलं," आई म्हणाली.

"मग?"

"मग राग आला. अजून येतो."

म्हातारीने मान डोलावली. "आणि ते पाणी? झालं का साफ?"

"झालं. वेळ लागला, पण झालं." आईने कप खाली ठेवला. "माझी धाकटी बहीण बाहेर उभी आहे. तिला बोलावते आत. ती काय सांगते ते ऐका, आणि पटलं नाही तर भांडा तिच्याशी. घाबरू नका, तिला सवय आहे."